कडी माझी, अंग परकं

लाझार शाख्नोविच तीन मजले चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती, पण खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत. ओव्हरकोटाच्या खिशातून त्यांनी रुमालात बांधलेली लेन्स काढली आणि नेल्या सावीचच्या टेबलावर ठेवली. आपटली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकही लेन्स आपटली नव्हती आणि एवढ्या संतापातही त्यांचे हात ते विसरले नव्हते.

"ही बघा," ते म्हणाले. "कडी माझी आहे, अंग परकं आहे. आणि सगळ्या जगात चोर मी ठरलोय."

ओस्तापने चहाचे पाणी चढवले. रागावलेल्या माणसाच्या हाती काहीतरी गरम दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पंचवीस वर्षे त्याने ओदेसाची ट्राम चालवली होती. गेली चार वर्षे तो नेल्याची गाडी चालवत होता आणि तिच्या तर्कांच्या मागे फरफटत होता. नेल्या खाजगी तपासनीस. त्याआधी टपाल खात्यात हरवलेल्या पार्सलांचे दावे तपासण्यात तिची उमेदीची वर्षे गेली होती. माणसे खोक्यात काय भरतात आणि कागदावर काय लिहितात, हे तिला पुरते ठाऊक होते.

"बसा, लाझारकाका," ती म्हणाली. "चोरांना मी उभं ठेवते. तुम्ही बसा."

मग ते बसले.

पन्नास वर्षे ते जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या लेन्स दुरुस्त करत आले होते. बारक्या खिडकीतून बघायचे, दोन प्रतिमा सरकवून एकीवर एक आणायच्या, मग बटण दाबायचे, असे ते कॅमेरे. कॅमेरे केव्हाच भंगारात गेले. पण त्यांच्या लेन्स आता जगभरची तरणी पोरे आपल्या नव्या कॅमेऱ्यांना लावतात आणि ऑनलाइन लिलावात त्यांच्यासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. लाझारकाकांपाशी अशी एक लेन्स होती. १९५० सालची, त्यांच्या उस्तादाने मरताना दिलेली. ती ते कधीच विकणार नव्हते. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शस्त्रक्रिया करायची ठरली, आणि त्यांनी लेन्स लिलावात काढली. नातीने, दारिनाने, फोटो काढून ती चढवली. पोर्तुगालमधल्या एका शाळामास्तराने शेवटची बोली लावली.

तीन आठवड्यांनी लेन्स परत आली. मास्तराने पैसे परत मागितले आणि लिलावाच्या पानावर फोटोंसकट जाहीर केले की ओदेसाच्या या विक्रेत्यापासून सावध राहा. कडीवर १९५० चा आकडा, आत नंतरच्या काळातली साधी, कुणाच्याही घरात सापडेल अशी लेन्स.

"कडी म्हणजे?" ओस्तापने विचारले.

लाझारकाकांनी त्याचा हात धरला आणि लेन्सच्या पुढच्या बाजूच्या पातळ कडीवर नेला. तिच्यावर लेन्सचे नाव आणि आकडा कोरला होता, पाच-शून्य-शून्य-एक-तीन-दोन-सात. आकड्याचे पहिले दोन अंक म्हणजे बनावटीचे साल.

"ही कडी फिरवून निघते. एका बारीक स्क्रूवर बसलेली असते. त्या स्क्रूवरून नख फिरव. अडकतं?"

ओस्तापने नख फिरवले. केसभर अडकले.

"अडकणारच. कारखान्यात लेन्स जोडून झाली की कामगार हाताने या स्क्रूचं भोक पाडायचा. त्यामुळे एका लेन्सची कडी दुसरीवर कधीच नीट बसत नाही. ही कुणीतरी बळेच बसवलीये, नवं भोक पाडून. मंडळातल्या लोकांना मी हे सांगितलं. तर म्हणाले, बरोबर आहे, आणि असं भोक पाडायला तुमच्याइतका सराईत हात दुसरा कुणाचा?"

एवढे बोलून त्यांनी चहाचा ग्लास बाजूला सारला. छायाचित्रकार मंडळाच्या तळघरात एकेचाळीस वर्षे त्यांचे टेबल होते. गेल्या रविवारी ते तिथे गेले, तर कुणी काही बोलले नाही. फक्त त्यांच्या टेबलाशी कुणी बसले नाही. येत्या रविवारी बैठक होती, आणि त्यात टेबल काढून घ्यायचे ठरणार होते.

"डोळे गेले तरी चालतील मला," ते म्हणाले. "पण नाव घालवून मी घरी बसणार नाही."

नेल्याने मास्तराचे पत्र मागितले. लाझारकाकांनी दारिनाने छापून दिलेला कागद काढला. पत्र इंग्रजीत होते, आणि असते रशियनमध्ये तरी या डोळ्यांनी त्यांना वाचता आले नसते. दारिनाने त्यांना मथितार्थ तेवढा सांगितला होता. नेल्याने पत्र मनातल्या मनात वाचले. तिच्या खांद्यावरून ओस्तापनेही वाचले, एकेक शब्द लावत. मास्तर सभ्य माणूस दिसत होता. त्याने लिहिले होते, की फुगेदार प्लास्टिकच्या चार थरांत लेन्स किती काळजीने बांधली होती, वर गोड खाऊसुद्धा ठेवला होता, आणि म्हणूनच ही फसवणूक जास्त जिव्हारी लागली.

"काका, पार्सल बांधलं कुणी?"

"मीच. शुक्रवारी सकाळी ड्रॉवरमधून काढली, शेवटची फिरवून बघितली. माझ्या जुन्या फ्लॅनेलच्या सदऱ्यात गुंडाळली, खोक्यात घातली. खोकं उघडंच असतं. परदेशी पार्सल टपालातली बाई स्वतः बघून मग बंद करते. दारात ग्लेब आला, त्याच्या हातात दिलं. शुक्रवारी सगळ्या मंडळाची पार्सलं तोच गाडीतून नेतो. बर्फात माझे गुडघे चालत नाहीत."

नेल्याने पत्राची घडी करून जवळ ठेवली.

दारिना दाताच्या दवाखान्यात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांना मागच्या जिन्यात भेटली, हातात पावाचा तुकडा, आणि पहिल्या प्रश्नालाच उसळली. आजोबांनी तिला वाढवले होते. ती त्यांना फसवेल असे ज्याला वाटत असेल त्याने समोर येऊन सांगावे, असे तिने ओस्तापकडे बघून सांगितले. ओस्तापने अजून तोंडही उघडले नव्हते.

फोटो तिने आदल्या शनिवारी काढले होते. मग लेन्स ड्रॉवरमध्ये गेली आणि किल्ली आजोबांच्या गळ्यात. शुक्रवारी ती सातलाच कामावर निघाली. पार्सल तिने पाहिलेही नाही.

"आधीची पार्सलं तू बांधायचीस?" नेल्याने विचारले.

"एकदाच बांधलं. त्यात मी गंमत म्हणून फ्रिजला लावायचं समुद्रपक्ष्याचं चुंबक टाकलं होतं. सगळे विक्रेते टाकतात काहीबाही, लोक खूश होऊन चांगला शेरा देतात. आजोबा असले भडकले. म्हणे, आपण काच विकतो, जत्रा भरवत नाही. काचेशेजारी खाण्याचं आणि खेळण्याचं काही ठेवायचं नाही. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

"त्यांची नजर कितपत आहे?"

दारिनाचा आवाज खाली आला. "परवा चहात मीठ घातलं त्यांनी. पण लेन्स त्यांना बोटांनी दिसते, ताई."

गाडीत बसल्यावर ओस्तापने आपले मत मांडले. त्याला वाईट वाटत होते, पण मत होते. म्हाताऱ्याच्या टेबलावर दहा लेन्स उघड्या पडलेल्या असतात. साफ करताना एकीची कडी दुसरीवर गेली असेल. बसेना म्हणून नवे भोक पाडले असेल आणि विसरले असतील. चोरी नव्हे, वय.

"झालं तुझं?" नेल्या म्हणाली. "मग गाडी काढ. तळघरात जाऊ."

मंडळाचे तळघर एका जुन्या वाचनालयाखाली होते. भिंतीला लागून टेबले, प्रत्येकावर दिवा. कोपऱ्यातल्या एका टेबलावर लोकांनी आपले ओले कोट टाकले होते. ते लाझारकाकांचे, हे कुणी सांगायची गरज नव्हती. नेल्याने एकेक कोट उचलला आणि शेजारच्या खुर्चीवर टाकला.

मंडळाचा सचिव ग्लेब बारान हा पन्नाशीचा, गोरागोमटा, मऊ बोलणारा माणूस. लोकांची कामे अंगावर घ्यायची त्याला हौस होती. त्याने चहा केला, निळ्या कागदातल्या चॉकलेटांचा वाडगा पुढे सरकवला. कागदावर दीपगृहाचे चित्र होते. ओस्तापने एक खाल्ले आणि एक खिशात टाकले.

"घ्या, घ्या. खोक्यानेच आणतो मी," ग्लेब म्हणाला. "आठवड्याला पंधरा-वीस पार्सलं जातात माझी. गिऱ्हाइकाचं तोंड गोड करावं लागतं."

भिंतीशी काचेचे मोठे कपाट होते, मंडळाच्या मालकीचे. एक किल्ली ग्लेबकडे, एक अध्यक्षांकडे. त्यात शुक्रवारी टपालात जायची खोकी ओळीने मांडली होती. शेजारी फुगेदार प्लास्टिकची गुंडाळी उभी होती.

ग्लेबने लाझारकाकांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. उलट तो इतका हळहळला की ओस्तापला त्याचे बरेच वाटले. वय झाले, नजर गेली, माणसाकडून चुका होतात, मंडळाने दया दाखवायला हवी, पण मंडळाच्या नावाचाही विचार करायला हवा. असे बरेच. नेल्या चहा न पिता ऐकत होती.

"त्या शुक्रवारी खोकं तुम्ही उघडून बघितलंत?"

"छे. त्यांनी दिलं तसं मागच्या सीटवर ठेवलं, तसंच टपालाच्या खिडकीत दिलं. हातसुद्धा लावला नाही आत."

"मग ती बदली कुठे झाली असेल?"

"आता काय बोलू?" ग्लेबने सुस्कारा सोडला. "मी तर त्यांना म्हटलं, लाझारकाका, ती परत आलेली कटकट मला देऊन टाका. सुट्या भागांत विकतो, चार पैसे हाती येतील, आणि ती रोज डोळ्यांसमोरही राहणार नाही. पण ते ऐकत नाहीत. मानी माणूस."

"भला दिसतो," बाहेर आल्यावर ओस्ताप म्हणाला.

"फार भला," नेल्या म्हणाली, आणि तिने गाडी टपाल कचेरीकडे घ्यायला सांगितली.

परदेशी पार्सलांच्या खिडकीत राईसा नावाची बाई होती. नेल्याची जुनी ओळख, त्यामुळे आधी दोघींनी गुडघेदुखीची चौकशी केली. मग राईसाने सांगितले की खोके गिऱ्हाइकाच्या देखत बघायचे, त्याच्या देखत चिकटवायचे, आणि लगेच मागच्या सरकत्या पट्ट्यावर टाकायचे. खिडकीवर कॅमेरा आहे, मागे रांग आहे. कुणी काही काढून घालायला जागाच नाही. सीमाशुल्काच्या फॉर्मवर आत दिसेल ती प्रत्येक वस्तू ती स्वतः लिहिते, कारण एकदा न लिहिल्यामुळे तिचा पगार कापला होता.

लाझार शाख्नोविचच्या फॉर्मची प्रत तिने काढून दिली. त्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिले होते: कॅमेऱ्याची लेन्स, जुनी, एक. चॉकलेट, एक.

नेल्याने तो कागद दोनदा वाचला. मग तिचा चेहरा असा झाला की ओस्तापने गाडीची किल्ली आधीच हातात घेतली. गेल्या चार वर्षांत त्याने तिला रागावलेली पुष्कळदा पाहिली होती, पण असे ओठ मिटून रागावलेली फक्त एकदा, आणि त्या वेळी एक माणूस तुरुंगात गेला होता.

"लाझारकाकांकडे," ती म्हणाली.

तिथे तिने जे सांगितले ते ऐकून लाझारकाका उठून उभेच राहिले. तिचे म्हणणे होते की ती परत आलेली लेन्स त्यांनी आजच ग्लेबला देऊन टाकावी. थकून गेल्यासारखे द्यावे, भांडू नये.

"म्हणजे मी गुन्हा कबूल करायचा?"

"नाही. तुम्ही फक्त रविवारपर्यंत गप्प राहायचं. मला माहीत आहे ते किती कठीण आहे."

"मी गप्प राहिलो की लोक म्हणतात, बघा, बोलायला तोंड नाही."

"म्हणू द्या. रविवारी त्यांची तोंडं मी बघून घेते."

दारिनाने कडीचे आणि स्क्रूचे जवळून फोटो काढून ठेवले. लाझारकाका खिडकीपाशी उभे राहून त्यांना न दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. ओस्तापला वाटले, नेल्याने या वेळी म्हाताऱ्याला उगाच छळले.

रविवारी तळघर भरले होते. सतरा-अठरा माणसे, बहुतेक केस पिकलेली, प्रत्येकजण आपापल्या दिव्याखाली. लाझारकाका आपल्या टेबलाशी एकटे. अध्यक्ष होर्बेन्को हे जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान. त्यांना असल्या गोष्टी लवकर उरकायच्या असत. त्यांनी विषय वाचून दाखवला आणि ग्लेबने खालमानेने सांगितले की लाझारकाकांनी ती लेन्स आपल्याकडे दिली आहे, तेव्हा प्रकरण न वाढवता मिटवावे.

"मिटवायच्या आधी मी बोलते," नेल्या म्हणाली. तिने परवानगी विचारली नव्हती, आणि कप्तानांच्या ते लक्षात आले.

"तुमच्यातल्या प्रत्येकाला या विषयातलं कळतं. स्क्रू कळतो, कडी कळते, काच कळते. मला यातलं काही कळत नाही. मला फक्त पार्सलं कळतात. आणि जे पार्सल तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलंत, ते बांधणारा माणूस लाझारकाका नाही."

तिने मास्तराचे पत्र उघडून मोठ्याने वाचले. प्लास्टिकचे चार थर आणि वर गोड खाऊ.

"खाऊ?" लाझारकाका म्हणाले. "कसला खाऊ?"

दारिना उठली. "आजोबा, ते मी तुम्हाला वाचून दाखवलं नव्हतं. तुम्हाला आणखी वाईट वाटेल म्हणून. मला वाटलं, तुम्ही शेवटी विरघळलात."

"काचेशेजारी चॉकलेट? मी?" म्हाताऱ्याचा आवाज चढला, आणि कुठल्या तरी टेबलापाशी कुणीतरी हसले. हसणाऱ्यालाही लगेच कळले की आपण कशाला हसलो. लाझारकाकांनी याच तळघरात किती जणांना टेबलावर बिस्किट ठेवले म्हणून झापले होते.

"हाच तो पुरावा," नेल्या म्हणाली. "काकांनी लेन्स फ्लॅनेलमध्ये गुंडाळली. मास्तराच्या हाती पडली ती प्लास्टिकमध्ये, चॉकलेटसकट. आता ही बदली वाटेत झाली की पोर्तुगालात? हा टपालाचा फॉर्म. खिडकीतल्या बाईने खोकं बंद करण्याआधी लिहिलंय, चॉकलेट एक. म्हणजे खिडकीपाशी पोचलं तेव्हाच पार्सल बदललेलं होतं. त्यानंतरचं सगळं सुटलं. मास्तर सुटला, टपाल सुटलं. आधीचं बघू. दारिना सातलाच कामावर गेली होती. काकांच्या दारापासून टपालाच्या खिडकीपर्यंत ते खोकं एकाच माणसाजवळ होतं. तो मला म्हणाला, आत हातसुद्धा लावला नाही. मग त्यात चॉकलेट चालत आलं का?"

ग्लेब हसला. "अहो, असेल टाकलं मी एखादं. सवयीने. त्यात काय?"

"बरोबर. सवयीनेच," नेल्या म्हणाली. "आठवड्याला वीस खोकी बांधणाऱ्याचा हात. लेन्स ठेवली, प्लास्टिक गुंडाळलं, वर चॉकलेट. तुमचं डोकं चोरी करत होतं आणि हात नेहमीचं काम करत होते. पण मग हात लावला नाही असं का सांगितलंत? आणि फ्लॅनेल काढून प्लास्टिक कुणी गुंडाळलं?"

कप्तानांनी चष्मा काढला.

"एवढं मला टपालातच कळलं," नेल्या पुढे म्हणाली. "पण एक गोष्ट त्याआधीच खटकली होती. ही लेन्स कचरा आहे, नाही का? मग परत आलेला हा कचरा मागायला एवढं प्रेमळ गिऱ्हाईक कसं पुढे आलं? मास्तर आकडा पडताळून बघणार, म्हणून चोराला काकांच्या लेन्सची कडी कचऱ्यावर चढवावी लागली. त्यामुळे त्याच्याजवळ खरी लेन्स राहिली, पण बिनकडीची. कडीशिवाय तिला कुणी विचारत नाही. कडी परत मिळवायचा एकच मार्ग होता. मास्तर तक्रार करणार, लेन्स काकांकडे परत येणार, काका बदनाम होणार, आणि मग एक दयाळू माणूस येऊन म्हणणार, द्या हो ती कटकट मला. म्हणजे काकांचं नाव चुकून गेलेलं नाही. ते जाणं हा त्याच्या बेताचाच भाग होता."

ओस्तापच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्यातला बराचसा राग स्वतःवरच होता. भला दिसतो, असे तो म्हणाला होता. वर चॉकलेट खिशात घातले होते. त्याने ते काढून ग्लेबच्या समोर ठेवले.

"गुरुवारी काकांनी दिलेली लेन्स आणा," नेल्या ग्लेबला म्हणाली.

ग्लेबने ती खणातून काढली. तिच्यावर आता दुसरीच कडी होती, आकडा एकसष्टपासून सुरू होणारा.

"पन्नासची कडी कुठाय?"

"सुट्या भागांत गेली असेल. शोधावी लागेल."

"कप्तान," नेल्या म्हणाली, "कपाट मंडळाचं आहे. तुमच्याकडे किल्ली आहे."

कप्तान उठले. येत्या शुक्रवारच्या टपालाची सहा खोकी होती. झाकणे नुसतीच लोटलेली. त्यांनी एकेक उघडून टेबलावर ठेवले. प्रत्येकात वर निळ्या कागदातले, दीपगृहाचे चॉकलेट. पाचव्या खोक्यावर ओसाकाचा पत्ता होता. कप्तानांनी चॉकलेट बाजूला केले, प्लास्टिक सोडवले, आणि लेन्सवरचा आकडा मोठ्याने वाचला. पाच, शून्य, शून्य, एक, तीन, दोन, सात.

"ती कडी मी दुसऱ्या अंगावर बसवलीय," ग्लेब घाईने म्हणाला. "भंगारातलं अंग आहे. तेवढंच."

"ओस्ताप," नेल्या म्हणाली. "नख."

ओस्ताप पुढे झाला. सगळ्यांच्या देखत त्याने कडीच्या बारीक स्क्रूवरून नख फिरवले. एकदा, मग उलट बाजूने पुन्हा. कुठेच अडकले नाही.

"बसतो," तो म्हणाला. "गुळगुळीत बसतो."

त्याने लेन्स लाझारकाकांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले. एरवीही त्यांना काय दिसणार होते, पण त्यांनी मिटले. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवली, अंगठ्याने कड चाचपली.

"माझी आहे," ते म्हणाले. "उस्तादाने दिली तेव्हापासून फिरवताना शेवटच्या टोकाला इथे किंचित जड जाते. मी ते मुद्दामच ठेवलं होतं."

ग्लेब उठून कोट शोधू लागला. कप्तानांनी दार अडवले आणि पोलिसांना फोन लावला. ग्लेब म्हणत होता की म्हाताऱ्याला तशीही लेन्सची किंमत कळत नव्हती, डोळे गेलेल्या माणसाला ती काय कामाची. त्याच्याकडे कुणी बघेना. इतके दिवस ज्या माना लाझारकाकांपासून वळल्या होत्या, त्या आता त्याच्यापासून वळल्या, आणि हे बघून ओस्तापला आनंद होण्याऐवजी किळस आली. माना वळवायला या लोकांना किती थोडे पुरत होते.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर कप्तान टेबलापाशी परतले. घसा साफ करून ते म्हणाले, "लाझार शाख्नोविचांचं टेबल कायम ठेवावं, असा ठराव मी मांडतो. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. कुणी टाळ्याही वाजवायला लागले.

"हात खाली घ्या," लाझारकाका म्हणाले.

टाळ्या थांबल्या.

"माझं नाव घालवलंत तेव्हा कुणी हात वर केला होता? कुणीच नाही. गप्प बसून घालवलंत. माझ्या टेबलावर ओले कोट टाकून घालवलंत. एकेचाळीस वर्षं तुमच्या लेन्स मी उघडल्या. एकाची तरी काच बदलली? एकानेही तोंडावर विचारलं नाही, लाझार, हे तू केलंस का. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. आता हातांनी नाही चालायचं. एकेकाने इथे येऊन या खुर्चीवर बसायचं आणि तोंडाने बोलायचं. नसेल बोलायचं त्याने घरी जावं. आणि ही लेन्स आधी त्या मास्तराला जाईल. त्याने बोली लावली होती. तोवर माझे डोळे थांबतील."

सगळे आपापल्या दिव्याकडे बघत बसले होते. ओस्तापने नेल्याकडे बघितले. ती काही सुचवणार नव्हती. तिचे काम संपले होते आणि तिने ग्लेबचा वाडगा उचलून कचऱ्याच्या डब्यात रिकामा केला होता.

ओस्तापच उठला. तो मंडळाचा कुणी नव्हता. चार पावले चालून तो कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेला आणि समोरच्या खुर्चीवर बसला.

"काका," तो म्हणाला, "मलाही वाटलं होतं की ते तुमच्याच हातून झालं. नजरेमुळे. मी ताईंना तसं सांगितलंही होतं. आणि तो ग्लेब मला भला वाटला होता."

लाझारकाकांनी त्याच्या आवाजाच्या रोखाने मान वळवली. त्यांचा चेहरा अजून रागातच होता.

"त्या दिवशी तुझा चहा मी प्यायलो होतो का?"

"नाही. मीच तुम्हाला दिला होता. तुम्ही घेतला नाहीत."

"तेव्हा घेता येत नव्हता," ते म्हणाले, आणि टेबलाचा दिवा लावायला त्यांनी हात पुढे केला. ओस्तापच्या मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. कप्तान उठले होते आणि आपली पाळी येईपर्यंत उभे होते.